उभ्या प्रोसेसरला पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर आटपाडीचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी कोरेगावहून तिच्याकडे राहायला गेलो ते कॉम्प्युटर क्लास काढायला. कोरेगावात दोन क्लास आधीच होते आणि दोघांचे मालक एकमेकांचे विद्यार्थी पळवण्यात गुंतले होते. आटपाडीत एकही नव्हता. आक्काच्या घराची पुढची खोली रिकामी होती. वर पत्रा, एक खिडकी, भिंतीला एक विजेचा बोर्ड. दाजी म्हणाले, "पावणं, हितंच या. आमची पोरं पुण्याला जात्यात आन् तिकडं कॉम्प्युटर बघून घाबरत्यात. त्यापरास हितंच घाबरू द्या."

दाजी म्हणजे आक्काचे मालक. त्यांचं इंजिन दुरुस्तीचं गॅरेज होतं. विहिरीवरची डिझेल इंजिनं त्यांच्याकडे लांबलांबून यायची. पण त्या साली पावसानं दगा दिला होता, विहिरी कोरड्या होत्या, त्यामुळे इंजिनं बंद होती, आणि बंद इंजिन बिघडत नाही. दाजी सकाळी गॅरेज उघडायचे, सगळे पाने तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि परत होते तिथं ठेवायचे. मग घरी येऊन माझ्या क्लासच्या दारात स्टूल टाकून बसायचे. हुशार माणूस, हातात अवजारं आणि दिवसभर काम नाही. पुढचं सगळं इथून सुरू झालं, असं आक्काचं म्हणणं आहे.

क्लासात तीन मशीन होती. त्यातलं एक जरा बरं होतं, त्यावर मी लग्नपत्रिका करायचो. सराई चैत्र-वैशाखात, आणि आटपाडीचं ऊनही त्याच वेळी. दुपार झाली की पत्रा तापायचा, खोलीचा तवा व्हायचा आणि ते मशीन गोठायचं. माऊस हलायचा नाही, कीबोर्ड दाबून उपयोग नसायचा. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव आलं, त्याच्या चुलत्यांची नावं आली, आणि नवरीच्या पहिल्या अक्षरावर पडदा थांबला. शेजारी बसलेल्या नवरीच्या बापानं मला हळूच विचारलं, "ह्यो अपशकुन हाय, का लाइट कमी हाय?"

मी मशीनच्या डब्याचं झाकण काढून दाखवलं. आत प्रोसेसर, त्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा, त्यावर काडेपेटीएवढा पंखा. दाजी स्टुलावरून उठून आले. त्यांनी बोट लावलं आणि झटकन काढलं.

"ह्ये वाऱ्यावर हाय व्हय?" ते म्हणाले. "आवं पावणं, वाऱ्यावर गाडीचं इंजिन चालतं, कारण गाडी पळती. ह्ये एका जागी बसून काम करतंय. एका जागी बसणाऱ्याला पाणी लागतं."

मी म्हटलं, विजेच्या वस्तूत पाणी घालत नाहीत. दाजी म्हणाले, "आत कोण घालतंय? वरनं फिरवायचं."

माळ्यावर अंघोळीचा तांब्याचा बंब पडून होता. दाजींनी त्याच्या पत्र्यातून एक चौकोनी डबी केली, मुठीत मावेल एवढी. तळाला जाड तांबं, वर दोन तोट्या. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला दोन बाजूंना दोन कान होते. पंख्याची पट्टी त्या कानांना अडकायची, तशीच आमची डबी अडकवली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तोट्यांना लावली. कूलरचा बुडणारा छोटा पंप आणला. पाण्याची टाकी म्हणून शेजारी तिवईवर मातीचा रांजण ठेवला. रांजण पाझरायचा, आटपाडीच्या कोरड्या हवेत ते पाझरलेलं पाणी उडून जायचं आणि आतलं पाणी गार राहायचं. दोन्ही नळ्यांची टोकं रांजणात बुडवलेली. एकीतून गार पाणी जायचं, दुसरीतून कोमट परत यायचं.

मशीन गोठायचं थांबलं. भर दुपारी, पत्रा कडकड वाजत असताना, मी नवरीच्या आजोळची सगळी नावं टाकली.

गावात बातमी गेली ती मात्र वेगळीच. बातमी अशी की इंजिनवाल्याच्या घरी एक मशीन आणलंय आणि ते रांजणभर पाणी पितंय. तेव्हा टँकर यायचा तो आमच्या बोळाच्या तोंडाशी. बायका घागरी रांगेत लावून दिवसाचे दिवस बसायच्या. माणसाला पाणी नाही आणि मशीन पितंय म्हटल्यावर लोक येणारच. आधी बायका आल्या, मग गल्लीतली चार वडीलधारी माणसं आली. त्यांच्या पुढे एक म्हातारे होते. बैलगाडीवरून पडून त्यांची मान एका अंगाला कलली होती, त्यामुळे ते कुणाकडेही बघताना शंका घेतल्यासारखे दिसायचे. या वेळी खरोखरच घेत होते.

"दिसाला किती पितंय?" त्यांनी विचारलं.

"पीत न्हाई, आबा," दाजी म्हणाले. "ह्या नळीतनं जातं, त्या नळीतनं परत येतं. बघा की."

म्हाताऱ्यांनी बराच वेळ नळी बघितली. "म्हंजी त्येचं उष्टं पाणी त्येलाच परत पाजताय?"

"व्हय, तसंच म्हना."

म्हातारे मागच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "मुकं जनावर हाय म्हनून काय बी करत्यात." तक्रार पाण्याच्या नासाडीची घेऊन आले होते, ती तिथल्या तिथं बदलली. पुढचे काही दिवस गल्लीत चर्चा होती ती मशीनला ताजं पाणी मिळावं याची. आक्का शेवटी वैतागून दर सोमवारी रांजण उपसून पुन्हा भरायला लागली आणि जुनं पाणी तुळशीला घालायला लागली.

असं सुरळीत चाललं असताना एके दिवशी वीज गेली आणि परत आली ती भलत्या जोरात आली. आक्काचा बल्ब फुटला, शेजारच्यांचा रेडिओ गेला, आणि आमच्या चांगल्या मशीनमधून जळक्या रबराचा वास आला. पाण्याचा काही संबंध नव्हता, पण मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही मेले. मी सांगलीला गेलो. ज्या दुकानातून माल घ्यायचो तिथले शेठ म्हणाले की तुमच्या जातीचा प्रोसेसर आता येत नाही, हा नवा घ्या, त्याच्या मदरबोर्डासकट. नवा घेऊन मी एसटीनं परत आलो.

दाजींनी खोका उघडला आणि वस्तू हातात धरून उन्हात नेली.

"पावणं, ह्यी तर कॅसेट हाय."

खरंच तशी दिसत होती. जुना प्रोसेसर फरशीसारखा सपाट पडून राहायचा. हा हिरव्या कार्डावर बसवलेला होता, आणि ते कार्ड मदरबोर्डावरच्या लांब फटीत उभं खोचायचं. चिप आडव्या तोंडानं भिंतीकडे बघत बसणार. त्याला कान नव्हते, खोबण नव्हती. पट्टी अडकवायला काही म्हणजे काहीच नव्हतं. दाजींनी आपली तांब्याची डबी त्याच्या पोटाला लावून बघितली, सोडली, आणि ती अर्थातच खाली पडली.

"ह्याला त्याचाच पंखा आहे," मी म्हटलं. "तोच राहू दे."

"आन् गावाला काय सांगू? पाण्यावरचं मशीन वाऱ्यावर आलं म्हनून?" दाजींचा आवाज चढला होता. मला तेव्हा हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. सगळी इंजिनं बंद असलेल्या त्या उन्हाळ्यात त्यांच्या हातचं एकच काम चालू होतं, आणि तेही आता खाली पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सांगलीला गेलो. दाजींनी डबी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली होती. शेठ गल्ल्यावर चहा पीत होते.

"ह्या नव्या कार्डाला पाण्याची डबी बसवायची पट्टी मिळंल का?" दाजींनी विचारलं.

"पाणी गेलं का कार्डात?" शेठ म्हणाले. "पाणी गेलं असेल तर वॉरंटी संपली."

"गेलं न्हाई. घालायचं हाय."

शेठनी कप खाली ठेवला. "कशाला?"

"थंड करायला."

"अहो, पण पंखा दिलाय की त्याला."

"आटपाडीत पंखा गरम वारा मारतो, शेठ."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे आम्ही शुद्धीवर आहोत एवढंच मला सांगायचं होतं. दाजींनी पिशवीतून डबी काढून काउंटरवर ठेवली. शेठनी ती उचलली, तोटीतून आत बघितलं, फुंकर मारली. दुसऱ्या तोटीतून वारा त्यांच्याच डोळ्यात गेला. मग त्यांनी आत हाक मारून दुकानातल्या दोन्ही कारागिरांना बोलावलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं, आणि वॉरंटीचा विषय पुन्हा निघालाच नाही. प्रत्येकानं दोन्ही तोट्यांतून फुंकून बघितलं. पट्टी कुणाकडे नव्हती. असली पट्टी असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पण निघताना शेठनी आतून एक मेलेलं कार्ड आणून दिलं, आमच्या कार्डाच्याच मापाचं. "याच्यावर करा काय करायचं ते," ते म्हणाले. "जिवंतावर प्रयोग करू नका." पांढऱ्या पेस्टची पुडीही दिली, चिप आणि तांब्यामध्ये लावायला. एसटीत दाजी ते मेलेलं कार्ड मांडीवर घेऊन विट्यापर्यंत बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "चार भोकं हायत."

कार्डाला चिपच्या चारी बाजूंना खरंच चार भोकं होती, मूळचा पंखा त्यातूनच अडकवलेला असतो. दाजींनी डबीच्या तळाला पितळेची चौकट डाख देऊन जोडली, तिला मेलेल्या कार्डाच्या मापानं चार भोकं पाडली आणि बारीक स्क्रू आरपार घातले. नुसते स्क्रू आवळले तर चिप फुटेल, म्हणून मधे स्प्रिंगा हव्या होत्या. त्यांच्याकडच्या सगळ्यात लहान स्प्रिंगेनं म्हैस बांधली असती. शेवटी मी माझे बॉलपेन मोडले. विद्यार्थ्यांना कळल्यावर त्यांनीही आणून दिले. पुढचा आठवडाभर क्लासातली सगळी पेनं टकटक न करता नुसतीच खुळखुळायची.

मेलेल्या कार्डावर सगळं झकास बसलं. मग जिवंतावर बसवलं, कार्ड फटीत खोचलं, बटण दाबलं. पडदा उजळला आणि लगेच काळा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. मी वाकून बघितलं. डबीच्या नि पाण्याच्या वजनानं कार्ड एका बाजूला ओणवं होत होतं, त्यामुळे फटीतला संपर्क सुटत होता. दाजींनी लाकडी टेकू दिला, तर कार्ड पलीकडे कललं. वरून सुतळीनं बांधून बघितलं, सुतळी सैल पडली. मग काचेच्या बरणीवर रबर लावून तिचा आधार दिला, तेव्हा डब्याचं झाकण लागेना, आणि आक्का बरणी मागायला आली, कारण तिच्यात लोणचं घालायचं होतं.

त्या दिवशी कललेल्या मानेचे आबा मशीनची खुशाली विचारायला आले होते. आम्ही दोघं डब्यात डोकं घालून बसलेलो. तेही येऊन वाकले.

"बराबर तर बसलंय," ते म्हणाले.

"कुठं बराबर? कललंय की आबा," दाजी म्हणाले.

"मला सरळ दिसतंय."

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपली मान त्यांच्यासारखी एका अंगाला टाकून डब्यात बघितलं. मलाही म्हणाले, "पावणं, मान टाका." मी टाकली. आमच्या तिघांच्या माना एकाच बाजूला, आणि दारातून आक्का हे बघत उभी. तशा मानेनं बघितलं की कार्ड आडवं दिसत होतं आणि डबी त्याच्यावर निवांत बसल्यासारखी.

"मग माना कशाला मोडायच्या?" दाजी म्हणाले. "डबाच मोडू की. म्हंजी, कुशीवर करू."

तोवर आमचा डबा टेबलावर सपाट असायचा आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. आम्ही डबा कुशीवर उभा केला. आतलं उभं कार्ड आपोआप आडवं झालं, चिपचं तोंड आभाळाकडे आलं, डबी तिच्यावर आपल्या वजनानं बसली. ओणवं व्हायला जागाच उरली नाही. फ्लॉपी मात्र आता पोस्टाच्या पेटीत टाकल्यासारखी उभी टाकावी लागायची. मॉनिटरला बसायला जागा राहिली नाही, तो आक्काच्या ज्वारीच्या कणगीवर गेला, त्यामुळे भाकरीला पीठ संपलं की क्लासला सुट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप लावला. बातमी कशी फुटली कोण जाणे, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतही डोकी. बाहेर टँकरची रांग होती, तिथल्या बायकाही घागरी कडेवर घेऊनच आत आल्या. कुणीतरी नारळ आणला होता, तो मशीनवर फोडायचा नाही हे समजावण्यात थोडा वेळ गेला. मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. दाजींनी सावकाश श्वास सोडला.

तेवढ्यात तोटीवरची नळी सैल झाली आणि पाणी गळायला लागलं. डब्याच्या बाहेर, नशीब. टेबलावरून बारीक धार जमिनीवर.

"गळतंय!" कुणीतरी ओरडलं.

मी वायर ओढायला धावलो, पण माझ्या आधी चार बायका धावल्या होत्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत टेबलाखाली तीन घागरी आल्या. मागून चौथी आली, आणि तिथं नंबर कुणाचा यावरून भांडण सुरू झालं. "आवं, माझी घागर आधी हुती!" "तू रांगंत कुठं हुतीस?" मी ओरडत होतो की आधी वायर काढू द्या. ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. दाजींनी शेवटी गर्दीच्या डोक्यावरून हात घालून पंप बंद केला. धार थांबली, तेव्हा सगळ्या बायकांनी एकदम त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं टँकरच्या ड्रायव्हरकडे बघतात.

सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधल्यावर नळी परत सुटली नाही. मशीन चाललं. सराईतल्या राहिलेल्या सगळ्या पत्रिका त्याच्यावर झाल्या. दाजी रोज सकाळी येऊन आधी डबीला बोट लावायचे, मग चहा प्यायचे.

वैशाख संपता संपता आक्कानं एक दिवस जेवताना सहज विचारलं, "आवं, त्यो पंप चालू लागतोच का?"

"म्हंजी काय? पंपाबिगर पाणी कसं फिरंल?"

"न्हाई, मिक्सरला जागा न्हवती म्हनून मी बोर्डावरनं त्येची पिन काढलीया. दोन-तीन दिस झालं."

दाजींचा घास हातातच राहिला. आम्ही उठून पुढच्या खोलीत गेलो. पिन खाली लोंबत होती. मशीन चालू होतं. डबीला हात लावला, कोमट होती, नेहमीपेक्षा जरा जास्त, पण गरम नाही. दाजींनी खरकटा हात तसाच वर धरून डाव्या हातानं नळी चाचपली. एक गार, एक कोमट. पाणी फिरत होतं. अगदी संथ, पण फिरत होतं.

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागले, खरकट्या हाताची. "आरं, ह्ये तर इंजिनाच्या टाकीवानी झालं! गरम पाणी आपसुख वर चढतं, गार खाली येतं. जुन्या इंजिनांना कुठला आलाय पंप? तीस वर्सं ह्येच बघतोय मी, आन् ह्याला पंप लावत बसलो." ते पुन्हा आत गेले, ताटावर बसले आणि जेवता जेवता मधेच हसत राहिले. पंप कूलरवाल्याला परत गेला. रांजणाची तिवई आणखी उंच केली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहिरी भरल्या, इंजिनं बाहेर निघाली आणि वर्षभर बंद राहिल्यामुळे सगळी एकदम बिघडली. दाजींच्या गॅरेजसमोर बैलगाड्यांची रांग लागली. सांगलीचे शेठ एका रविवारी बायको-मुलांसकट आटपाडीला ते मशीन बघायला आले, आक्काच्या हातची भाकरी-आमटी जेवले आणि स्वतःच्या दुकानासाठी तसलीच एक डबी मागून गेले. दाजी हो म्हणाले, पण ती कधी झाली नाही. त्यांना वेळच नव्हता.

पुढे मला साताऱ्यात नोकरी लागली आणि क्लास मोडला. ते मशीन पाटणच्या एका रिटायर फौजी माणसानं घेतलं. त्यांनी आधीच सांगितलं की रांजण नको, नळ्या नको, आमच्याकडे गारठा भरपूर आहे. आम्ही डबी काढून मूळचा पंखा परत बसवून दिला. आषाढात एकदा शेजारच्या एसटीडी बूथवर त्यांचा फोन आला. मी सुट्टीला आटपाडीत होतो, धावत गेलो.

"सर," ते म्हणाले, फोनमध्ये मागून धबधब्यासारखा आवाज येत होता, "ह्या पावसात कौलातून पाणी गळतंय. सगळी जागा बघितली, कोरडी कुठंच नाही. मशीन कुठं ठेवू?"

दाजी माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पलंगाखाली ठेवा. आन् तुमी वर झोपा."

त्यांनी तसंच केलं, आणि पाऊस उघडेपर्यंत ते मशीन पलंगाखालीच चाललं असं नंतर कळलं.